लादीखालचा नळ गळू लागला तर?
गोदामात माल ठेवणाऱ्यांनी आणि नळकाम करणाऱ्या कारागिरांनी ध्यानात ठेवावे असे काही

२०२२ सालच्या फेब्रुवारीतील गोष्ट. रमजान एप्रिलच्या सुरुवातीला येत होता. ईदच्या बाजारासाठी भिवंडी, मालेगाव आणि सुरतेहून आम्ही माल उचलून ठेवला होता. आमचे दुकान रत्नागिरीच्या बाजारपेठेत आहे. राहते घर व त्याला लागून असलेले गोदाम मांडवीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. एके दिवशी गड्याने भिंतीकडची गाठ उचलली तर तिचा तळ ओला लागला. शेजारची उचलली, तीही ओली. पाहता पाहता सात गाठी निघाल्या. लुंग्यांवर आणि सुती ड्रेस मटेरियलवर बुरशीचे काळे ठिपके पडले होते आणि गोदामात कोंदट वास सुटला होता.

मांडवीत राहणाऱ्याला ओलीचे नवल नाही. पावसाळ्यात जांभ्याच्या भिंती पाणी पितात, मीठ घाम गाळते, कपाटातले कपडेसुद्धा दमट लागतात. म्हणून आगोटीच्या कामांत गाठी फळ्यांवर चढविणे हे आमचे दरवर्षीचे काम. परंतु ही ओल फेब्रुवारीतली होती. पाऊस जाऊन चार महिने झाले होते आणि गाठी पुन्हा जमिनीवर उतरल्या होत्या. पाणी आले कोठून?

त्याचे उत्तर मिळेपर्यंत आम्ही काही चुका केल्या. व्यापारी बांधवांनी आणि कारागीर मित्रांनी त्या टाळाव्यात, म्हणून हा तजुर्बा येथे मांडत आहोत.

पहिली चूक : आधी हातोडा, मग विचार

आमच्या घराची जमीन १९८४ साली वडिलांनी करून घेतली. खाली जांभ्याचे सोलिंग, वर कोबा आणि त्यावर लादी. पाण्याचे जी.आय. पाइप, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी नळ, त्या काळच्या पद्धतीप्रमाणे कोब्यातच पुरले. नळ दिसू नयेत ही तेव्हाची हौस होती. त्यांचा नकाशा कोणी काढला नाही. आम्ही तेव्हा उर्दू शाळेत शिकत होतो आणि काम डोळ्यांदेखत झाले होते, त्यामुळे लाइन कोठून गेली हे आपल्याला पक्के ठाऊक आहे असा आमचा समज होता.

या समजुतीवर आम्ही ओल्या भिंतीजवळच्या सहा लाद्या फोडून घेतल्या. खाली चिखल निघाला, नळ निघालाच नाही. लाद्या गेल्या, मजुरी गेली. तसल्या नक्षीच्या लाद्या आता बाजारात मिळत नाहीत, हेही त्या दिवशी कळले.

नंतर एक मिस्त्री आले. हे गृहस्थ बरीच वर्षे आखाती देशात नळकाम करून परतलेले. फोडलेला खड्डा पाहून ते म्हणाले, "चाचा, फरशी फोडायची ती सगळ्यात शेवटी. पाणी जिथे दिसतं तिथेच गळतं असं नाही. कोब्याखाली ते उताराच्या दिशेने जातं आणि वाट मिळेल तिथे वर येतं."

पुढचे दोन दिवस त्यांनी हातोड्याला हात लावला नाही. त्यांनी जे केले ते क्रमाने सांगतो. यातल्या बहुतेक गोष्टी कोणीही घरी करू शकतो.

गळती आहे की नुसती ओल?

प्रथम पाहायचे ते हे की पाणी नळाचे आहे, सांडपाण्याचे आहे की हवेतले. सांडपाण्याच्या मोरीची गळती मोरी वापरली की वाढते आणि वापर थांबला की कमी होते. पावसाची ओल मोसमाबरोबर येते-जाते. दाबाखालचा नळ मात्र रात्रंदिवस गळतो.

शंका असेल तर दोन फूट लांब-रुंद जाड प्लास्टिकचा तुकडा कोरड्या दिसणाऱ्या लादीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवावा आणि एक-दोन दिवस ठेवावा. प्लास्टिकच्या खालच्या बाजूला पाणी धरले तर ओल जमिनीतून येते आहे. वरच्या बाजूला धरले तर ती हवेतली आहे.

त्यानंतर टाकीची परीक्षा. रात्री निजण्यापूर्वी सगळे नळ बंद करावेत, टाकीत पाणी येण्याचा मार्ग बंद करावा आणि पाण्याच्या पातळीला खूण करावी. सकाळी कोणी नळ सोडण्यापूर्वी पुन्हा पाहावे. आमच्या टाकीत आठ तासांत सात सेंटिमीटर पाणी उतरले. आमची टाकी गोल, एक मीटर व्यासाची आहे. अशा टाकीत एक सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ आठ लिटर. सात सेंटिमीटरचे सुमारे ५५ लिटर झाले. या हिशेबाने महिन्याला सुमारे ५,००० लिटर पाणी आमच्या गोदामाखाली जात होते. शहरात मे महिन्यात लोक हंड्यासाठी वाट पाहतात, आणि येथे एवढे पाणी कोणाच्याही कामी न येता जमिनीत मुरत होते. पाण्याला मीटर असेल तर हीच परीक्षा मीटरवर करता येते. सगळे नळ बंद असताना काटा फिरत असेल तर गळती आहेच.

लहान गळतीलाही क्षुल्लक मानू नये. २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला चार लिटरांहून अधिक. सुती गाठीचा तळ कुजवायला तेवढे पुरे.

थंड लाइन की गरम?

आमच्याकडे २०१० साली छतावर सोलर बसविला. त्याचे गरम पाणी न्हाणीघरापर्यंत नेण्यासाठी नवी लाइन टाकण्याऐवजी खर्च वाचविण्याच्या विचाराने आम्ही जमिनीखालच्या जुन्या लाइनीलाच जोडून दिले होते. मिस्त्रींनी दुसऱ्या रात्री सोलरकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद ठेवून टाकीची तीच परीक्षा घेतली. त्या रात्री पातळी हलली नाही. तेव्हा दोष गरम पाण्याच्या लाइनीतच होता.

याचे कारण त्यांनी समजावून सांगितले. लोखंडावरचा जस्ताचा मुलामा स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवितो. पण पाणी सुमारे ६० अंशांच्या वर तापले की हा बचाव उलटू शकतो, म्हणजे जस्त शाबूत राहते आणि लोखंडच खाल्ले जाते. कडक उन्हात सोलरचे पाणी त्या हद्दीत सहज जाते. त्यात आमच्यासारख्या किनाऱ्यावरच्या घरांना मिठाचा त्रास. कोब्यात खाडीची खारी वाळू पडलेली असेल तर नळ बाहेरूनही गंजतो, आणि विहिरीचे मचूळ पाणी वापरात असेल तर आतूनही. मांडवीत खिडकीचे गज किती लवकर गंजतात ते आपण पाहतोच. जमिनीखालचे गज आणि नळ दिसत नाहीत एवढाच फरक.

तळपाय आणि गेज

लाइन गरम पाण्याची निघाली, त्यामुळे जागा शोधणे सोपे झाले. सकाळी जमीन थंड असताना व्हॉल्व्ह बंद ठेवला. दुपारी सोलरचे पाणी कडक तापल्यावर तो उघडला, नळातून थोडे पाणी वाहू दिले आणि मग नळ बंद केले. तासाभराने गोदामात अनवाणी फिरायला सांगितले. आमच्या धाकट्या पुतण्याला प्रथम जाणवले. तो म्हणाला, "चाचा, इथली लादी गरम लागते." ती जागा ओल्या भिंतीपासून नऊ फूट दूर होती! नळ आम्ही समजत होतो तसा सरळ गेलाच नव्हता. जुन्या मिस्त्रीने त्याला चुलीच्या ओट्याला वळसा घालून नेले होते.

थंड पाण्याच्या लाइनीत ही सोय नसते. तेथे रात्रीच्या शांततेत लाकडी दांड्याचे एक टोक लादीवर व दुसरे कानाला लावून ऐकतात. दाबाखालचे पाणी बारीक भोकातून निघताना सुसू आवाज करते. मोठ्या शहरांत यासाठी कान लावायची यंत्रे आणि उष्णता दाखविणारे कॅमेरे आले आहेत. काही ठिकाणी नळातले पाणी काढून त्यात पाच भाग हायड्रोजन व पंचाण्णव भाग नायट्रोजन असे वायूंचे मिश्रण सोडतात आणि ते कोठून वर येते हे यंत्राने हुंगतात.

खात्रीसाठी मिस्त्रींनी हातपंपाची परीक्षाही घेतली. लाइन दोन्हीकडून सोडवून एका टोकाला डाट मारला, आतली हवा काढून पाणी भरले आणि दुसऱ्या टोकाला गेज लावलेला हातपंप जोडला. काटा चढविला की खाली येई. कारागीर मित्रांना येथे एक सूचना. ही परीक्षा पाण्यानेच करावी. जुन्या नळात कॉम्प्रेसरची हवा भरणे धोक्याचे आहे, कारण दाबलेली हवा सुटली तर तुकडे उडतात. दाबही बेताचाच द्यावा. दहा मीटर उंच पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो, आणि आपल्या घरांवरच्या टाक्या त्याहून कमीच उंचीवर असतात. जीर्ण नळाला त्याच्या कामाच्या कित्येक पट दाब दिला तर एक भोक शोधताना दुसरे पडते.

दुरुस्ती झाली, पण काटा खालीच

गरम लागलेल्या जागेची एकच लादी काढली. दीड फूट खोदल्यावर कुजलेला एल्बो निघाला. बोटाने दाबला तर पापुद्रे सुटले. तो कापून काढला, नवे तुकडे आट्यांनी जोडून मध्ये युनियन बसविले. अशा नळाला वेल्डिंग करू नये, कारण जस्त जळून निघणारा धूर कारागिराला बाधतो आणि मुलामाही जातो.

खड्डा बुजवायच्या आधी पुन्हा पंप लावला. काटा पुन्हा उतरला, पहिल्यापेक्षा हळू, पण उतरला. म्हणजे आणखी एक गळती कोठेतरी होतीच.

मिस्त्री म्हणाले, "चाचा, तुम्ही सांगाल तर दुसरी शोधतो, बुजवतो, पैसे घेतो. पण नळ अडतीस वर्षांचा आहे. आज इथे, उद्या तिथे."

आमचा जन्म कापडात गेला. नव्या कापडाला खोंबारा लागला तर रफू टिकते. कापडच विरलेले असेल तर रफूच्या टाक्याशेजारीच दुसरे भोक पडते, कारण टाका धरायला सूतच उरलेले नसते. हे आम्ही गिऱ्हाइकाला रोज सांगतो. आपल्या नळाच्या बाबतीत मात्र ते दुसऱ्याने सांगावे लागले. आम्ही त्याच दिवशी जुनी लाइन सोडून द्यायचे ठरविले.

परदेशातही हाच धडा

थंड देशांत जमीन मुद्दाम तापवितात. काश्मिरात मशिदींच्या हमामात दगडी फरशीखाली लाकडे जाळतात आणि माणसे वर ऊबेला बसतात. त्या फरशीत नळ नाहीत, म्हणून गळतीही नाही. पश्चिमेकडे मात्र काँक्रीटच्या जमिनीत गरम पाण्याच्या नळ्या पुरण्याची पद्धत निघाली. न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन नावाच्या वसाहतीत १९४७ ते १९५१ या काळात अशी १७,००० हून अधिक घरे बांधली गेली. त्यांच्या काँक्रीटमध्ये तांब्याच्या नळ्या होत्या. कॅलिफोर्नियात जोसेफ आयकलर या बांधकाम व्यावसायिकानेही जमिनीतून तापणारी घरे बांधली. कोरियातील युद्धाच्या सुमारास तांब्याची टंचाई पडली, तेव्हा त्यांतल्या काहींत पोलादी नळ्या घातल्या गेल्या. त्या लवकर गंजल्या.

काही दशकांनी त्या नळ्या गळू लागल्या. तेथल्या घरमालकांनीही प्रथम ठिकठिकाणी जमीन फोडून ठिगळे लावली. पुढे अनेकांनी जमिनीतली लाइन कायमची बंद केली आणि भिंतीच्या कडेने उघड्यावर बसणारे तापक लावून घेतले. आज तेथे नव्या घरांत नळ्या पुरतात त्या जोड नसलेल्या अखंड प्लास्टिकच्या. काँक्रीटखाली सहसा एकही सांधा ठेवत नाहीत आणि सगळे व्हॉल्व्ह हाताशी, बाहेर ठेवतात. श्रीमंत देशाने लाखो डॉलर खर्चून जो धडा घेतला तो आपल्याला फुकट मिळत असेल तर घ्यावा.

नवी लाइन टाकताना

आम्ही सी.पी.व्ही.सी.ची नवी लाइन भिंतीवरून, क्लॅम्प मारून, उघडी नेली. पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

गरम पाण्याला साधा पी.व्ही.सी. चालत नाही, तो मऊ पडतो. सी.पी.व्ही.सी. घेताना त्यावर आय.एस. १५७७८ ही भारतीय मानकाची खूण पाहावी. उन्हात येणाऱ्या भागावर रंग किंवा आच्छादन द्यावे. जी.आय.च घ्यायचा असेल तर पट्टा पाहून घ्यावा. पिवळा पट्टा हलक्या नळाचा, निळा मध्यम आणि लाल जाड नळाचा. किनाऱ्यावर हलक्या नळात वाचविलेले पैसे वाचत नाहीत.

जुनी लाइन दोन्ही टोकांना तोडून, पाणी काढून, डाट मारून बंद करावी. नुसता व्हॉल्व्ह बंद करून ठेवला तर उद्या कोणी अजाणता उघडतो.

विजेचे एक काम विसरू नये. जुन्या घरांत अर्थिंगची तार कित्येकदा लोखंडी नळालाच बांधलेली असते. नळ प्लास्टिकचा झाला की ते अर्थिंग संपते आणि घरातल्यांना पत्ताही नसतो. लाइन बदलताना वायरमनला बोलावून स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे. ओल्या जमिनीत खोदताना मेन स्विच बंद ठेवावा.

वरच्या मजल्यावरचा स्लॅब असेल तर छन्नी लावण्यापूर्वी इंजिनियरला विचारावे. नळ शोधताना सळ्या कापल्या गेल्या तर गळतीपेक्षा मोठे संकट उभे राहते. नळात ओतून भोके आतून बुजविणारी रसायने बाजारात मिळतात. पिण्याच्या किंवा वापराच्या पाण्याच्या लाइनीत ती कदापि ओतू नयेत.

खड्डा बुजविण्यापूर्वी पंपाची परीक्षा पुन्हा घ्यावी आणि काटा काही तास जागेवर राहिल्याशिवाय सिमेंट कालवू नये. शेवटी, नळ कोठून गेला त्याचा कागदावर नकाशा काढावा, फोटो घ्यावेत आणि ते घराच्या दस्तऐवजात ठेवावेत. मशिदीच्या वुजूखान्याच्या व मदरशाच्या लाइनींचेही असेच व्हावे. विश्वस्त बदलतात, नळ तेथेच राहतात.

व्यवहाराच्या दोन गोष्टी

मिस्त्रीबरोबर तीन कामांचे तीन वेगळे दर ठरवावेत : गळती शोधणे, दुरुस्ती करणे आणि फरशी पूर्ववत करणे. हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. शोधण्याची वेगळी मजुरी मिळाली तर कारागिराला उगाच खोदण्याची घाई राहत नाही. आपल्या मुलांपैकी जे नळकाम शिकत आहेत त्यांना आमचे सांगणे आहे की गेजचा हातपंप स्वतःचा ठेवा आणि गिऱ्हाइकाला काटा दाखवून बोला. आमच्या मिस्त्रींवर आमचा भरवसा बसला तो त्यामुळे.

मालाचा विमा असेल तर पॉलिसी आजच काढून वाचावी. आगीच्या विम्यात टाकी वा नळ फुटून झालेले नुकसान बहुधा धरलेले असते. हळूहळू पाझरून झालेले नुकसान मात्र सामान्यतः धरत नाहीत. आमचे पाझरून झालेले होते, त्यामुळे सगळा तोटा आमच्याच वहीत पडला.

सात गाठींपैकी चार धुऊन, वाळवून, डागी माल म्हणून कमी भावात विकल्या. प्रत्येक गिऱ्हाइकाला डाग दाखवून विकल्या, कारण मालातला दोष झाकून मिळविलेल्या पैशाला बरकत नसते. उरलेल्या तिन्ही चिंध्यांत गेल्या. ईदचा नफा त्या वर्षी जवळजवळ बुडाला.

आता गोदामात गाठी बारा महिने फळ्यांवर असतात, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून हातभर दूर. नवा नळ भिंतीवरून उघडा गेला आहे. दिसायला बरा नाही, असे घरातल्या बायका म्हणतात, आणि ते खरेच आहे. पण गळला तर पहिल्याच दिवशी दिसेल.

ज्यांची घरे-दुकाने तीस-चाळीस वर्षांची आहेत आणि नळ कोब्यात आहेत, त्यांनी मोसमाचा माल भरण्यापूर्वी एक रात्र टाकीला खूण करून पाहावी. त्याला खडूच्या एका तुकड्याहून जास्त खर्च नाही.